पाटीवरचे वीस हॉर्सपॉवर

किराणा दुकानात गेलं की दुकानदार दोन तांदूळ दाखवतो, दोन्हींचे भाव सांगतो आणि मग विचारतो, कोणता देऊ? न विचारता त्यानं महागाचा तांदूळ पिशवीत टाकला, तर आपण त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. आमच्या वीज कचेरीत वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि त्या कचेरीत मी तीस वर्षं नोकरी केली. दिवाळी अंकाला काही हलकंफुलकं द्या, असं संपादक म्हणाले. हलकंफुलकं माझ्याकडे आहे. पण लिहायला बसलो की भिवापूरची एक चक्की आडवी येते आणि डोकं तापतं. तेव्हा तेच लिहितो.

आधी मी कोण ते सांगतो. कळमेश्वरकडच्या आमच्या गावात, आमच्या भावकीत, कॉलेजात गेलेला मी पहिला. निकाल लागला त्या दिवसापासून बाबा मला नावानं हाक मारीनासे झाले. ‘बीयेस्सी, जेवाले ये.’ ‘बीयेस्सी, बैलाले पानी दाखव.’ मला त्याचा संकोच नव्हता. उलट छाती फुगायची. नागपूरला वीज कचेरीत लागलो, सक्करदऱ्याला खोली घेतली, आणि माझा हुद्दा ठरला भार तपासनीस. नाव भारी, काम साधं. गिरणी, चक्की, लाकडाचा आरा, तेलघाणी, जिथं म्हणून विजेची मोटर फिरते तिथं जायचं, मोटर किती हॉर्सपॉवरची आहे ते पाहायचं आणि फॉर्मवर लिहायचं. पाहायचं म्हणजे मोटरच्या अंगावर रिव्हेट मारून बसवलेली पत्र्याची पाटी वाचायची. पाटीवर जो आकडा, तोच फॉर्मवर. त्यावर बिल.

हॉर्सपॉवरला एवढं महत्त्व का, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. लग्नात आचाऱ्याला दोनशे पानांचं सांगितलं आणि शंभरच पानं उठली, तरी त्याची भट्टी, भांडी, माणसं दोनशेंची लागलेली असतात. तो पैसे दोनशेंचेच घेतो. विजेचं तसंच. तुमची मोटर वीसची असेल तर वीसची तजवीज करून आम्ही बसलो आहोत. मग तुम्ही ती फिरवा की झोपू द्या. म्हणून बिलाचे दोन भाग. एक जाळलेल्या युनिटांचा. दुसरा हॉर्सपॉवरचा, तो बारा महिने ठरलेला. इथवर मला काही गैर वाटत नाही.

गैर पुढे आहे. त्या काळी वीज कोणाकडून घ्यायची हा प्रश्नच नव्हता, तार एकच होती. धंदेवाल्याला निवड एवढीच, की तार घ्यायची की डिझेलचं इंजिन ठेवायचं. पण तार घेतल्यावरही एक निवड होती, आणि ती कुणाला ठाऊक नव्हती. आमच्या दरपत्रकात दुसरा एक दर होता. दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या लहान धंद्याला तो बारमाही ठरलेला आकार माफ. फक्त युनिट थोडं महाग. वर्षभर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीला पहिला दर बरा. तीन-चार महिने चालून बंद पडणाऱ्या मिरचीच्या चक्कीला दुसरा. निवड गिऱ्हाइकानं करायची, लेखी करायची, मार्च संपायच्या आत करायची. न केल्यास पहिला दर त्याला मान्य आहे असं धरायचं. दरपत्रक इंग्रजीत, लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या खिशात. ज्या माणसाला असं कपाट आहे हेही माहीत नाही, त्याच्या गप्प बसण्याला मान्यता म्हणायचं! आणखी काय सांगू? मी आत नोकरीला होतो, बी.एस्सी. होतो, तरी ते पान मलाही कुणी दाखवलं नव्हतं.

बहुतेक लोक हॉर्सपॉवर लपवायचे. आमच्या सक्करदऱ्यातच एक आरावाले होते. दर दसऱ्याला ते मोटरची पूजा करत आणि शेंदूर नेमका पाटीवर थापत. वर्षावर वर्षं थर चढून पाटीचा गणपती झाला होता. मी चाकूनं खरवडायला गेलो की हात जोडायचे. ‘बाबूजी, देव हाय थो. खरवडू नका, पाप लागन.’ मी म्हणायचो, ‘देव किती हॉर्सपॉवरचा आहे तेवढं सांगा.’ यावर ते डोळे मिटून घ्यायचे.

भिवापूरचे गुलाबराव याच्या बरोबर उलटे. मिरची पिकवणारं जुनं घर, स्वतःच्याच आवाराला लागून मिरचीची चक्की. पूर्वी तिला दहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. गावात तार आली तशी त्यांनी नागपूरच्या एका मोटर भरणाऱ्याकडून, म्हणजे जळक्या मोटरला नवी तार गुंडाळून विकणाऱ्याकडून, वीस हॉर्सपॉवरची मोटर आणली. आणली ती आणली, चक्कीच्या भिंतीवर निळ्या रंगात हातभर अक्षरांत लिहून घेतलं: ‘२० हॉर्सपॉवर’. कारण चौकापलीकडे नामदेवरावांची चक्की होती, तिच्यावर ‘१५’ होतं. तेव्हापासून गाव त्यांना ‘वीसवाले’ म्हणू लागलं. दहा ठिकाणी बसले तर नऊ ठिकाणी ते मोटरची गोष्ट काढत.

मी पहिल्यांदा भार तपासायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. पाटी तर चिंच लावून लखलखीत घासली होती. ‘वाचा सायेब,’ म्हणाले, ‘मोठ्यानं वाचा.’ चक्की चालवत होत्या त्यांच्या पत्नी, शेवंताबाई. नाकातोंडाला पदर घट्ट बांधलेला, भुवया मिरचीच्या भुकटीनं लाल. मी फॉर्म काढला तशा त्या जवळ आल्या.

‘भाऊ, तुमी निस्ती पाटीच पाहता का? मोटर नाई पाहत?’

‘पाटीवर सगळं असतं, बाई.’

‘नाई, म्हनलं, इंजिन होतं तवा एक पोतं दळून निघेपर्यंत माह्ये चार सुपं देठं खुडून होत. या मोटरवरबी चारच होते. हे वीसची हाय ना? मंग दोन सुपांत पोतं निघाले पायजे का नाई?’

आज हे वाक्य कागदावर उतरवताना मला माझाच राग येतो. इतकी स्वच्छ मोजणी मी कचेरीत कुणाकडून ऐकली नव्हती. हातात घड्याळ नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण माप नेमकं. आणि मी काय केलं? मी हसलो. म्हणालो, ‘बाई, हे भौतिकशास्त्र आहे. दळायला लागणारा वेळ चक्कीवर असतो, नुसता मोटरवर नसतो.’ वाक्य अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त वाईट. ती मोटर वीसच्या मानानं अंगानं लहान आहे हे मलाही दिसत होतं. पण पाटीवर वीस होतं आणि माझ्या अंगात बी.एस्सी. होती.

‘तू चूप बस वं,’ गुलाबराव म्हणाले. ‘शिकेल मानूस हाय थो.’

शिकलेल्या माणसानं फॉर्मवर वीस लिहिलं आणि तो दुपारच्या बसनं परत आला.

पुढच्या दिवाळीआधी गुलाबराव नागपूरला कचेरीत आले आणि त्यांनी थेट माझ्या टेबलावर बिलांची चळत आपटली. मागं शेवंताबाई होत्या, हातात शिदोरीची पिशवी.

‘चक्की बंद. मोटरवर पोतं झाकेल. पट्टा काढून खुंटीले लटकवला. तरी बिल काहून येऊन राहिलं, सांगा!’

मी त्यांना आचाऱ्याची गोष्ट सांगितली, दोनशे पानांची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

‘असा आचारी मले नाई पायजे,’ ते म्हणाले. ‘माह्यं इंजिन बरं. जेवढं काम केलं तेवढंच पेते. लिवून घ्या, आमची तार काढून न्या.’

मी तार तोडण्याचा छापील अर्ज काढला. एक गिऱ्हाईक कमी झालं तर माझं काय जात होतं? तेवढ्यात शेवंताबाई टेबलाला टेकल्या आणि नवऱ्याकडे न पाहता माझ्याशी बोलल्या.

‘भाऊ, इंजिनाले हँडल माराले दोन गडी लागतात. गडी आले का चक्की गड्याइची. मोटरले माह्यं एक बोट पुरते. हिरवं बटन दाबलं का चालू. मोटर आली तवापासून मी एकटी चालवून राहिली. इंजिन आलं का मी पुन्हा ओसरीत देठं खुडाले बसली, पाहा.’

गुलाबराव खिडकीबाहेर पाहू लागले. मी अर्ज परत खणात ठेवला. माझी आई आयुष्यभर ओसरीत बसून काही ना काही निवडत आली होती, आणि घरात काय चालवायचं, काय बंद करायचं, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. हेडक्लार्ककडे गेलो, खोटंच सांगितलं की साहेबांनी दरपत्रक मागवलंय, आणि कपाटापाशी उभ्या उभ्या ते पहिल्या पानापासून वाचलं. मधे कुठं तरी ते पान सापडलं. दुसरा दर. लहान धंदा. दहा हॉर्सपॉवरपर्यंत. खाली बारीक अक्षरांत लेखी निवडीची अट.

आधी संतापानं कान गरम झाले. मग ‘दहापर्यंत’ या शब्दावर नजर अडली आणि चार सुपं आठवली.

परत येऊन मी शेवंताबाईंना म्हणालो, ‘तुमची मोटर दहाचीच असेल, तर तार ठेवता येईल आणि बंद महिन्यांचं बिलही जाईल.’

‘मंग मी काय सांगून राहिली होती तुमाले?’ त्या म्हणाल्या. एवढंच.

साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, ‘पाटीवर वीस आहे ना? पाटी हाच पुरावा.’ मी म्हणालो, पाटी कुणीही ठोकतो. मोटर भरणाऱ्यांच्या दुकानात डबाभर नुसत्या पाट्याच मिळतात, गिऱ्हाइकाला हवी ती लावून देतात. मोजून पाहू. साहेब म्हणाले, ‘मोजणारे आपण कोण?’

वीज विकणारी कचेरी विचारते, मोजणारे आपण कोण! गल्लीतल्या कुणा अनोळखी माणसानं चार रिव्हेट मारले त्याच्यावर विश्वास, आणि पगार देऊन ठेवलेल्या आपल्याच माणसाच्या डोळ्यांवर नाही. का, तर पाटीचा आकडा मोठा होता. पाटीवर वीसच्या जागी चुकून पाच असतं तर दुसऱ्या दिवशी जीप भरून मोजायला माणसं गेली असती, हे मी तिथंच बोललो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेवटी अटी घातल्या: मोटर दहाची असल्याचा ग्राहकाचा स्वतःच्या सहीचा अर्ज, गावचे दोन पंच, त्यांतला एक धंद्यातला माहीतगार, भरल्या चक्कीवर मोजणी, आणि सगळं मार्चअखेरच्या आत.

बाहेर येऊन सांगितलं तर गुलाबराव उसळलेच.

‘गाव मले वीसवाले म्हनते. आता मी माह्या हातानं लिवून देऊ, का मी दहाचा हाय म्हनून? पंचाइसमोर?’

‘मोटर दहाची हाय,’ शेवंताबाई म्हणाल्या. ‘तुमी कायले दहाचे होता?’

‘तुले समजत नाई वं!’

‘तार तोडाच्या अर्जावर सही कराले हात चालत होता. खऱ्यावर कराले नाई चालत?’

गुलाबराव जिना उतरून गेले. शेवंताबाईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेली मिरची काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी नको म्हणालो. ‘लाच नोहे,’ त्या म्हणाल्या. ‘आठवन ठेवाले.’

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मिरचीचा हंगाम भरात आला असेल, चक्की रोज चालत असेल, आणि मी रोज टपालाची वाट पाहत होतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज आला. सही गुलाबरावांची, वेडीवाकडी, कागद फाटेल इतकी दाबून केलेली. पंचांच्या जागी पोलीस पाटील आणि नामदेवराव. चौकापलीकडचे, पंधरावाले नामदेवराव! मला वाटलं चूक झाली. नंतर कळलं की ते नाव शेवंताबाईंनी घालायला लावलं होतं. त्यांचं म्हणणं, आपल्या माणसाला पंच केलं तर साहेब म्हणतील घरचे आहेत. नामदेवराव आपल्या बाजूनं खोटं बोलतील असं कोणी म्हणणार नाही.

मार्च संपायच्या आत मोजणीचं यंत्र घेऊन मी भिवापूर गाठलं. हे यंत्र चिमट्यासारखं असतं. तारेभोवती त्याचा जबडा मिटवायचा, म्हणजे तारेतून किती वीज जाते ते काटा दाखवतो. वीसची मोटर भरल्या चक्कीवर अठ्ठावीस अँपिअरच्या आसपास काटा नेणार, दहाची चौदाच्या. हे मी जमलेल्या लोकांना मोठ्यानं सांगितलं. अर्धं गाव जमलं होतं. गुलाबराव बाहेर बैलगाडीच्या जुवावर पाठ करून बसले होते.

शेवंताबाईंनी हिरवं बटण दाबलं. पट्टा फिरू लागला. त्यांनी वरच्या पत्र्याच्या नरसाळ्यात मिरची ओतली. काटा दहा, अकरा. ‘आणखी टाका,’ मी म्हणालो. त्यांनी घमेलंभर टाकली. तेरा. आणखी एक घमेलं. चौदा. लोक शिंकायला लागले, पोलीस पाटलांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण जागेवरून कुणी हलेना. मोटर कण्हायला लागली. काटा पंधराला टेकला आणि पट्टा घसरून किंचाळला, तेव्हा त्यांनी लाल बटण दाबलं.

नामदेवराव पूर्ण वेळ वाकून काट्याकडे पाहत होते. आता हे काय बोलतात, याची मलाच धास्ती वाटली. ते बाहेर गेले, गुलाबरावांच्या शेजारी जुवावर बसले.

‘मोटर कोनाकडून आनली होती गा, गुलाबराव?’

गुलाबरावांनी मान न वळवता नागपूरच्या त्या दुकानदाराचं नाव सांगितलं.

नामदेवराव उठले आणि माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘सायेब, तुमचं थे चिमटं घेऊन माह्याकडंबी चलता का? माहीबी तिथलीच हाय.’

हळू म्हणाले तरी सगळ्यांनी ऐकलं. शिंका आणि हसू एकदम सुटलं. नामदेवरावांची पंधराची मोटर साडेसातची निघाली. यावर गुलाबराव जुवावरून उठले, मिशीवरून हात फिरवला आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य स्वतःहून बोलले.

‘म्हंजे गावात मोठी माहीच हाय!’

मी अहवाल घेऊन कचेरीत आलो. साहेबांचा पहिला प्रश्न: ग्राहकानं आधी खोटा भार दाखवला म्हणून दंड का करू नये? मी म्हणालो, फॉर्मवर आकडा माझ्या अक्षरात आहे, दंड मला करा. त्यांनी मला बाहेर बसवलं, पुन्हा आत बोलावलं, आणि दुसरा दर मंजूर केला. तो एप्रिलपासून पुढं. मागच्या बिलांचं काय? शेऱ्यात एक ओळ आली: ‘मागील देयकांचा विचार होणार नाही.’ चूक आमची, तिचा भुर्दंड त्यांचा, आणि विचारही होणार नाही. दरपत्रकातलं ते पान मराठीत करून सूचना फलकावर लावू द्या, अशी मी परवानगी मागितली. उत्तर मिळालं, फलकावर जागा नाही. फलकावर त्या वेळी कचेरीतल्या सत्यनारायणाची सूचना होती, आणि सत्यनारायण होऊन महिना झाला होता. मी हातानं लिहून कागद डकवला. कुणी तरी काढला. मी पुन्हा डकवला. हे बरीच वर्षं चाललं, आणि त्या कागदानं किती तरी लहान चक्क्या वाचल्या, एवढं मी अभिमानानं सांगतो.

पण आता जे सांगायचं ते अभिमानाचं नाही.

माझ्या अहवालात एक वाक्य होतं: ‘सदर तफावत तपासनिसाच्या निदर्शनास आली.’ छापील फॉर्ममध्ये तपासनिसाला रकाना होता, ग्राहकाला होता, पंचांना होते. ग्राहकाच्या बायकोला नव्हता. समासात लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं, पण मी लिहिलं नाही. त्या वाक्यावर वरच्या कचेरीतून मला प्रशस्तिपत्र आलं. बाबांनी ते काच लावून घेतलं आणि आल्यागेल्याला दाखवत राहिले, ‘आमच्या बीयेस्सीनं पकडलं.’ मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या सभेत तेव्हाच्या साहेबांनी तेच पत्र वाचून दाखवलं. माझ्या बारीक नजरेचं कौतुक केलं. शाल घेऊन, नारळ मांडीवर ठेवून मी गप्प बसलो. तिथंही उठून बोललो नाही.

त्या एप्रिलनंतर वर्षभरानं कामासाठी भिवापूरला गेलो होतो. गुलाबरावांचं इंजिन विकलं गेलं होतं. शेवंताबाई हिरव्या बटणापाशी उभ्या होत्या, चक्की चालू होती, आवाजात बोलणं शक्य नव्हतं. त्यांनी नुसतं एक बोट वर करून दाखवलं. बाहेर भिंतीवर जुनी अक्षरं चुन्यानं पुसून नवी काढली होती. गुलाबरावांनी स्वतः सांगून लिहून घेतलेली: ‘१० हॉर्सपॉवर. मोजून.’

तेव्हा मीही एकदा मोजून लिहितो. तफावत माझ्या निदर्शनास आली नव्हती. ती शेवंताबाईंनी चार सुपांवर मोजली, मला तोंडावर सांगितली, आणि मी त्यांना हसून गप्प केलं. ज्या वर्षाच्या बिलांचा विचार झाला नाही, ते वर्ष माझ्या त्या हसण्याचं होतं. गुलाबरावांनी जे अख्ख्या गावासमोर भिंतीवर लिहून टाकलं, ते कबूल करायला मला, बी.एस्सी. झालेल्या माणसाला, निवृत्त व्हावं लागलं.